न चाखता पाठवलेली मुळी

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमची प्लाटून पोस्टवर चढली. उत्तर काश्मीर, उंची साडेअकरा हजार फूट, माणसं सव्वीस. मी प्लाटून हवालदार होतो. पोस्टचं आणि जवळच्या गावाचं नाव लिहीत नाही, लिहायचं नसतं. कंपनी हेडक्वार्टर खाली पायी दोन तासांवर. सॅटेलाइट फोन तिथे होता. पोस्टवर फक्त रेडिओ सेट. दर रविवारी चौघांची पार्टी फोन करायला खाली उतरायची, आणि एकाला मिळायची तीन मिनिटं. त्यातलं एक मिनिट 'हॅलो, ऐकू येतंय का' यातच जायचं.

दिवस ठरलेला असायचा. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात सज्ज राहणं, मग चहा, हत्यारांची सफाई, गस्त, पाणी भरणं, मोर्च्यांची डागडुजी. अकराच्या सुमाराला ऊन पडलं की अंघोळ, तीही नंबर लागेल तशी. बर्फ वितळलं आणि पोस्टच्या मागचा सगळा उतार हिरवा झाला. तिकडे त्याला मर्ग म्हणतात. मी पडेगावचा माणूस. आमच्याकडे मे महिन्यात दौलताबादच्या बाजूला नजर टाकली तर डोळ्यांत कुसळं जातील असा डोंगर. इथे दर दहा-बारा दिवसांनी उताराचा रंगच बदलायचा. आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा. फुलांची नावं आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हती. आम्ही म्हणायचो, पिवळं, निळं आणि दुसरं निळं.

नायक मिलिंद साळवे माझ्याच प्लाटूनमध्ये होता. पडेगावात त्याचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. परेडवर तो मला उस्ताद म्हणायचा, एरवी दादा. वय तीस. कामाला वाघ, पण हळू. दोर बांधला की तीनदा ओढून बघणार. डब्याचं झाकण लावून दोन पावलं गेला की परत येऊन दाबणार. पोरं त्याला मालगाडी म्हणायची. मी त्याच्या अगदी उलट. माझं सगळं तडकाफडकी, आणि त्याचा मला अभिमानही होता. प्लाटून हवालदाराला तो शोभतो असं मला वाटायचं.

त्या वर्षी आम्हा दोघांच्या घरी मुली झाल्या. त्याची प्रज्ञा जानेवारीतली, माझी श्रावणी एप्रिलमधली. मी तिला नऊ दिवस पाहिली आणि सुट्टी संपली.

प्रज्ञाला दात येताना जुलाब लागले. मिलिंदची आई तिला गुटी द्यायची. बाळगुटी काय असते ते आपल्याकडे सांगायला नको. हिरडा, वेखंड, सुंठ, जायफळ, एकेक जिन्नस सहाणेवर उगाळायचा, कशाचे दोन वेढे, कशाचे पाच, आणि ते बोटाने बाळाला चाटवायचं. त्यात अतिविष लागतं. नावात विष असलं तरी ते बाळाच्या पोटाला औषध. म्हातारीला शहागंजातल्या दुकानातलं अतिविष पटेना. सगळी किडकी भरड देतात म्हणायची. एका रविवारी फोनवर तिने मिलिंदला सुनावलं, "अरे, तुमच्या तिकडंच उगवतंय म्हणं ते. डोंगरावर बसून काय करतोस? बघ की जरा."

मिलिंद बघायला लागला. जुलैत एक म्हातारा बकरवाल शेळ्या घेऊन पोस्टच्या खालून जायचा. मिलिंद त्याला मगभर चहा द्यायचा. एके दिवशी त्याला अतिविष कसं समजावायचं याचा मोठा तमाशा झाला. पोट धरून दाखवलं, बाळ झोपवून दाखवलं. म्हातारा हसला आणि म्हणाला, "पतरीस." आम्हाला तो उतारावर घेऊन गेला. गुडघाभर उंचीचं रोप, वर माकडटोपी घातल्यासारखी फुलं, निळसर हिरवी, आत जांभळ्या रेषा.

"पत्ता देखो साहब," तो म्हणाला. "पत्ता डंडी को पकड़ता है, तो पतरीस. पत्ता फटा हुआ है, तो हाथ मत लगाना. ज़हर है."

हे त्याने आम्हा दोघांना सांगितलं. मी तिथेच उभा होतो. माझ्या कानांनी ऐकलं.

त्याने आणखी एक सांगितलं. हे रोप दरसाल बर्फाखाली मरतं आणि दरसाल त्याच मुळीतून वर येतं. मुळी काढली की ती जागा रिकामी. म्हणून दोन घ्या, दहा सोडा. मिलिंदने चारच रोपं काढली. करंगळीच्या पेराएवढ्या मुळ्या, मोडल्या की आत पांढऱ्या. दहा दिवस सावलीत वाळवल्या. मग एक दगडावर उगाळून स्वतः चाटली. कडूजहर, असं तोंड केलं. मी म्हणालो, "झालं ना? बांध पुडी." तो म्हणाला, "उद्या बांधतो दादा. एक दिवस जाऊ द्या. माझी आई म्हणती, पोराच्या जिभेआधी आपली जीभ." त्यांच्या घरात तसा रिवाजच होता. बाळाला जे द्यायचं ते आधी घरातल्या मोठ्याने चाटायचं.

जंगली झाडपाला खायचा नाही, अशी पोस्टवर स्टँडिंग ऑर्डर होती. ती मला पाठ होती आणि दर महिन्याला मीच ती वाचून दाखवायचो. मिलिंदने उगाळलं तेव्हा मी तिकडे काणाडोळा केला. दोष द्यायचा तर तिथपासून द्यायला हवा.

ऑगस्टमध्ये फर्दापूरचा एक जवान सुट्टीवर निघाला. गुरुवारी सकाळी सातला तो पोस्टवरून उतरणार होता. पडेगावात थांबून पुडी देऊन पुढे गावी जाईन, असं त्याने मिलिंदला कबूल केलं. बुधवारी संध्याकाळी पाचला मी पाण्याच्या पॉइंटवरून परत येत होतो तेव्हा माझ्या लक्षात आलं, आपण श्रावणीसाठी काहीच पाठवलेलं नाही. संगीता, म्हणजे माझी बायको, रविवारी फोनवर म्हणाली होती, "सुजाताकडं येतंय म्हणं अतिविष. आपल्याला?" सुजाता मिलिंदची बायको. मिलिंदकडे मागितलं असतं तर त्याने अर्धी पुडी दिली असती. पण हवालदाराने नायकाकडे हात पसरायचा म्हणजे मला कमीपणा वाटला. एवढीशी गोष्ट होती.

नाल्याच्या काठाला निळी फुलं ढिगाने होती. तीच माकडटोपी. रंग जरा गडद. मला वाटलं, पाण्याजवळ आहेत म्हणून गडद असतील. पान बघितलं का? कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला हा प्रश्न तीनदा विचारला गेला. बघितलं नाही. कुदळीच्या टोकाने सात रोपं उपटली. मुळ्या मिलिंदच्या मुळ्यांपेक्षा जाड निघाल्या, त्यामुळे मी खूशच झालो. धुतल्या, फोडी केल्या, बुखारीच्या, म्हणजे बंकरमधल्या शेगडीच्या पत्र्यावर वाळत टाकल्या. सकाळी निम्म्या फोडी कागदात बांधून फर्दापूरच्या पोराच्या हातात दिल्या आणि म्हणालो, "मिलिंदच्या पुडीबरोबरच दे. तिथून आमच्या घरी जाईल." आपल्याकडे घाटातल्या पाटीवर लिहिलेलं असतं, अति घाई संकटात नेई. ती पाटी मी शंभर वेळा वाचली असेल.

उरलेल्या फोडी माझ्या बंकरच्या पत्र्यावर उन्हात पडल्या होत्या.

पुढच्या बुधवारी, अकराच्या सुमाराला, मिलिंद पत्र्यावरचे मोजे काढायला आला. आकाश भरून आलं होतं. त्याने एक फोड उचलली.

"दादा, ह्ये काय?"

"पतरीस. श्रावणीला पाठवलंय, त्यातलं उरलेलं."

"पाठवलं बी? कधी?"

"तुझ्या पुडीसोबतच."

"चाखलं का तुमी?"

"नाय रे. तू चाखलंच होतंस की."

"मी माझं चाखलं दादा. ह्ये कुठं चाखलं?" तो रागावत नसे, तेव्हाही रागावला नाही. फक्त मोजे खाली ठेवले. पाण्याची बाटली घेतली, सपाट दगड बघितला आणि उगाळायला बसला. बोटाने चाटलं. पाच-सहा मिनिटं बसून राहिला. "कडू लागंना. पतरीस लई कडू असतं." मग त्याने पेराएवढी फोड दाताखाली धरली आणि चावली.

मी म्हणालो, "थुंक ते. कशाला उगाच."

"तुमच्या पोरीच्या पोटात जाणार हाय ना," तो म्हणाला. "झाड कुठलं, ते दाखवा मला."

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्ही नाल्याकडे निघालो. दोनशे मीटरही नसेल. वाटेत तो दोनदा ओठांवरून हात फिरवत होता. मुंग्या आल्यात म्हणाला. नाल्यावर पोचलो. मी उपटलेल्या जागी सात खड्डे होते, आणि आजूबाजूला तीच निळी फुलं वाऱ्यावर हलत होती. मिलिंद गुडघ्यावर बसला. एक रोप दोन बोटांत धरून त्याने पान सरळ केलं.

"दादा, पान फाटकं हाय," तो म्हणाला.

मग तो उलटी करायला लागला. उठता येईना. मी त्याला खांद्यावर घेतलं आणि पोस्टकडे चढलो. अकरा चाळीसला त्याला बंकरमध्ये झोपवलं. आमचा नर्सिंग असिस्टंट हुशार पोरगा होता. मिठाचं पाणी, सलाइन, जे होतं ते त्याने सगळं केलं. नाडी धरून मान हलवली. "उस्ताद, नाडी एकसारखी नाही. सुटतेय मध्ये."

मी सेटवर गेलो. चार्ली म्हणजे कंपनी हेडक्वार्टर, चार्ली वन म्हणजे आमची पोस्ट.

"चार्ली, चार्ली वन. कॅज्युअल्टी. नायक साळवे. विषारी मुळी खाल्ली. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"चार्ली. वेट. आउट."

चार मिनिटांनी उत्तर आलं. खिंडीत ढग उतरले होते, हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. डॉक्टर साहेब पायी निघाले होते. दोन तास.

मी वळलो तर मिलिंद माझ्याकडेच बघत होता. घाम फुटला होता, ओठ निळे झाले होते, शब्द जड येत होते.

"दादा. पुडी."

एवढा वेळ माझ्या डोक्यात फक्त मिलिंद होता. पुडी आलीच नव्हती. फर्दापूरचा पोरगा निघून सहा दिवस झाले होते, म्हणजे पुडी पडेगावात पोचलेली असणार. श्रावणी चार महिन्यांची. 

परत सेट उचलला. कंपनी कमांडर मेजर साहेब स्वतः सेटवर आले होते. मी जे होतं ते सांगितलं. रेडिओवर उघडपणे घरचा नंबर बोलायचा नसतो. साहेब म्हणाले, "हवालदार उत्तम, नंबर बोल. जबाबदारी माझी." मी संगीताचा नंबर एकेक आकडा करून बोललो. ऑपरेटरने परत वाचून दाखवला. निरोप दिला: "मुळी उगाळू नका. बाळाला देऊ नका. मुळी विषारी आहे."

ढगांमुळे सॅटेलाइट फोनला सिग्नल धरत नव्हता. बारा पाच, लागला नाही. बारा पंधरा, लागला नाही. सेट मी मिलिंदच्या उशाजवळच आणून ठेवला होता. नर्सिंग असिस्टंट त्याची छाती ऐकत होता. मी मिलिंदचा हात धरून बसलो होतो. तो बर्फासारखा गार पडला होता.

बारा वीसला त्याने विचारलं, "वहिनीला फोन लागला?"

"लागला," मी म्हणालो.

त्याने डोळे मिटले. खोटं बोललो, आणि तसलीच वेळ परत आली तरी मी पुन्हा तेच बोलेन.

बारा बत्तीसला फोन खरोखर लागला. ऑपरेटर तिकडचं ऐकून इकडे सेटवर सांगत होता.

"चार्ली वन, मिसेस शहागंजात आहेत. सहाण घ्यायला गेल्यात. बाळ घरी, आईंजवळ. आईंकडे फोन नाही. ओव्हर."

शहागंज ते पडेगाव, दुपारच्या रहदारीत रिक्षाने पाऊण तास. घरी जुनी सहाण होती, मधोमध तडकलेली. नवीन येईपर्यंत आई थांबेल का? आमची आई थांबणारी नव्हे. मी तिचाच मुलगा.

"मिसेस म्हणतात, सुजाता वहिनींना फोन लावते. फोन ठेवला त्यांनी. ओव्हर."

आम्ही थांबलो. बाहेर गारांचा पाऊस सुरू झाला आणि पत्र्यावर एवढा आवाज व्हायला लागला की मी सेटला कान लावून बसलो. बारा एक्केचाळीसला ऑपरेटर पुन्हा बोलला. त्यांनी परत संगीताला फोन लावला होता.

"चार्ली वन. मिसेस साळवे तुमच्या घराकडे पळत निघाल्यात. ओव्हर."

मिलिंदची बोटं हलली. मी वाकलो. "सुजाता गेलीय रे. पळत गेलीय."

त्याने डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे बघितलं. तोंडाचा कोपरा जरासा हलला.

"म्हंजे मगाशी लागला नव्हता व्हय," तो म्हणाला.

त्यानंतर तो काही बोलला नाही.

बारा अठ्ठावन्नला निरोप आला. "चार्ली वन, पुडी मिसेस साळवेंच्या हातात. बाळाला दिलेली नाही. मी पुन्हा सांगतो, बाळाला दिलेली नाही. ओव्हर." त्या वेळी नर्सिंग असिस्टंट मिलिंदच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होता. मी निरोप मिलिंदच्या कानाशी मोठ्याने तीनदा सांगितला. त्याला ऐकू गेला की नाही, मला माहीत नाही.

एक वाजून सतरा मिनिटांनी नर्सिंग असिस्टंट थांबला. डॉक्टर साहेब भिजून चिंब होऊन एक पन्नासला पोचले. त्यांनी पत्र्यावरची फोड हातात घेतली आणि म्हणाले, "बचनाग." अतिविषाचाच भाऊबंद. फुलं सारखी, मुळ्याही सारख्या. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण मी शाळेत वहीत दहा वेळा लिहिली होती.

पडेगावात काय झालं ते मला नंतर कळलं. आईने जुन्याच सहाणेवर सात वेढे उगाळले होते. श्रावणी मांडीवर होती आणि आईचं बोट तिच्या ओठाशी होतं. चाखून बघायची आमच्या घरात पद्धत नाही. सुजाता दारातूनच ओरडली, "आत्या, नका देऊ!" आणि तिने सहाण भिरकावून दिली. आईचे हात तीन तांबे पाण्याने धुवून काढले. संगीता शहागंजातून येईपर्यंत ती श्रावणीला पोटाशी धरून आमच्या ओट्यावर बसून राहिली. आपला नवरा तिकडे गेलाय हे तिला तोपर्यंत माहीत नव्हतं. दुपारी तीनला कंपनीचा फोन तिला आला.

मिलिंदबरोबर मी आलो. जम्मूपासून विमानाने, चिकलठाण्याच्या विमानतळापासून आर्मीच्या गाडीने. पडेगावात सलामी झाली, बंदुकांच्या फैरी झाल्या. त्याचा तिरंगा मी सुजाताच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर आली. डोळे सुजलेले. प्रज्ञा कडेवर. ती म्हणाली, "दादा, यांच्या मुळीपायी तुमची श्रावणी गेली असती. मला माफ करा."

मला आधी कळेचना. मग उलगडा झाला. फर्दापूरच्या पोराने दोन्ही पुड्या मिलिंदच्याच घरी दिल्या होत्या आणि "मिलिंदनं पाठवलंय" एवढं बोलून तो पुढच्या गाडीने निघून गेला होता. एक पुडी सुजातानेच आमच्या घरी आणून दिली होती. गल्लीभर हेच झालं होतं. माझी आई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "वैद्य व्हायला निघाला होता. स्वतः गेला, अन् माझी नातबी नेली असती." उचलली जीभ लावली टाळ्याला.

मी काय केलं? मी सुजाताला म्हणालो, "जाऊ दे ग. तसं काही मनात आणू नकोस."

पुढे इन्क्वायरीसमोर मी सगळं खरं सांगितलं. तिथे मला सीव्हियर रेप्रिमांड, म्हणजे रेकॉर्डवर कडक ताशेरा मिळाला, पुढचं प्रमोशन गेलं आणि मी हवालदार म्हणूनच निवृत्त झालो. त्याचं मला काही वाटलं नाही. पण मेजर साहेबांसमोर जे तोंड उघडलं ते त्या बाईसमोर उघडलं नाही. तिने माफी मागितली आणि मी ती घेतली. माझ्या सबंध सर्व्हिसमध्ये यापेक्षा वाईट काम मी केलेलं नाही.

चार दिवस मी घरातून बाहेर पडलो नाही. पाचव्या दिवशी मिलिंदच्या घरासमोर मांडव पडला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. भंतेजी आले, वंदना झाली, पंचशील झालं. मग लोक मिलिंदबद्दल बोलायला उठले. एक जण म्हणाला, "पोरगा चांगला होता, पण नको त्या फंदात पडला." मिलिंदची आई मान खाली घालून बसली होती. जिने त्याला शिकवलं की आधी आपल्या जिभेला लाव, तिला लोकांसमोर मान वर करता येत नव्हती. ते मला सहन झालं नाही. मी उठलो.

मी रिपोर्ट देतात तसं बोललो. मला दुसरं बोलता येत नाही. "मिलिंदने पाठवलेली मुळी अतिविषाचीच होती. ती त्याने स्वतः चाखून, एक दिवस थांबून पाठवली. विषारी मुळी मी उपटली. ऑर्डर मोडून उपटली, पान न बघता उपटली, न चाखता पाठवली. मिलिंदने ती माझ्या मुलीसाठी चाखली. म्हणून आम्हाला कळलं. म्हणून फोन करता आला. त्याची काही चूक नाही."

 माझी आई मागच्या ओळीत होती, ती तोंडाला पदर लावून उठून गेली. मिलिंदच्या आईने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग होता, तो मला बरा वाटला.

सुजाता उभी राहिली. "दादा, मी त्या दिवशी माफी मागितली," ती म्हणाली. "तुमी गप कसे बसले?"



"श्रावणीला सांगा," ती म्हणाली. "मोठी झाली की सांगा तिला. मला बाकी काय नको तुमच्याकडून."

हे होऊन दहा वर्षं झाली. मी आता एका शाळेच्या बसवर ड्रायव्हर आहे. सुजाता अंगणवाडीत काम करते. आमच्या घरी तिचं येणं-जाणं आहे, संगीताशी बोलते. माझ्याशी कामापुरतं. पोरींची गट्टी आहे आणि दोघी एकाच शाळेत जातात. श्रावणी सुजाताला काकू म्हणते. मिलिंदचा फोटो त्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आहे. श्रावणी तो रोज बघायची आणि विचारायची, काका लढाईत गेले का? मी म्हणायचो, पोस्टवर गेले. दहा वर्षं मी एवढंच म्हणत राहिलो. मालगाडी, पोरं त्याला म्हणायची. खरा संथ मी निघालो.

गेल्या रविवारी सकाळी मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. वेळेसकट सांगितलं. नाला, फुलं, पान, पुडी, फोन. नायक मिलिंद साळवे कसा होता ते सांगितलं. दोर तीनदा ओढून बघायचा, झाकण परत दाबायचा, तेही सांगितलं.  पाचवीतली पोरगी, पण ऐकायला लागली की पूर्ण ऐकते. 

"पप्पा," ती म्हणाली, "मग मला पाठवायच्या आधी तुम्ही का नाही चाखलं?"

"मला घाई होती," मी म्हणालो.

ती उठली, पायात चपला घातल्या आणि मिलिंदच्या घराकडे गेली. मी मागोमाग गेलो आणि त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बघत होतो. एरवी ती हाका मारत थेट आत शिरते. त्या दिवशी तिने चपला बाहेर काढल्या आणि सुजाता बाहेर येईपर्यंत ती उंबऱ्याशी उभी राहिली.